खुर्चीचा पिच्चर आणि दोन वेण्या

तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना, हे तुला आधी सांगतो. नीरेच्या काठावर सगळी भावकी उन्हात उभी. पिंड मांडलेला, शेजारी तुझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. कावळे समोरच्या बाभळीवर बसून नुसते बघत होते. आपली सुनीता म्हणाली, "आई, तुझ्या शेळीचं मी बघते." एक हलला नाही. चुलतभाऊ तात्या म्हणाला, "वैनी, आप्पाला आमी उपाशी ठिवत न्हाय." कावळ्यांनी मान वाकडी केली, बस. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. तात्या म्हणाला, "आप्पा, तुझं काय राह्यलं असंल तर बोल बाबा. ऊन लई झालं."

माझं काय राहिलं होतं ते मला चांगलं माहीत होतं. मी पाण्याकडं तोंड करून हळूच म्हणालो, "बरं. त्यानं खुर्चीत बसायला पाहिजे. तुझंच खरं."

तरी कावळा हलला नाही. मी वरवर म्हणतोय हे तुला कळलं असणार. शेवटी सुनीता म्हणाली, "आई, आप्पांच्या चहात साखर पडू देणार न्हाय," तर दोन कावळे एकदम खाली. म्हणजे माझा शब्द तुला पटला नाहीच, आणि साखर गेली ती वेगळी.

भावकीला वाटलं म्हातारा दुःखात बरळतोय. कुठली खुर्ची, कुणी बसायचं, हे फक्त तुला नि मला माहीत होतं. मी ते ज्याला त्याला सांगत सुटलो, तेव्हा सुनीतानं ही वही आणून दिली. म्हणाली, "आप्पा, तुमचं नि आईचं भांडण एकदाचं लिहून काढा, म्हंजी आमी सुटू." माझी शाळा चौथीपर्यंतची. तुला अक्षर लागणार नाही, पण तुला वाचायला येत होतं कुठं म्हणा. मी लिहितोय ते मोठ्यानं म्हणत लिहितोय. ऐक.

माघातली गोष्ट. रविवार होता, दुकान बंद. सुनीतानं बारामतीहून तिचा जुना टीव्ही आपल्या बावड्याच्या घरी आणून लावला होता, नेटवर चालणारा. रिमोट तुझ्याकडं. तुला भुताचे पिच्चर आवडायचे, मला मारामारीचे. तुला एका चौकोनात रिकामी खुर्ची आणि मागं धूसर बाई दिसली, भुताचा असंल म्हणून तू बटण दाबलंस. निघाला परदेशातला, हिंदीत बोलणारा पिच्चर. नाव तुला वाचता आलं नाही, मला म्हणता आलं नाही. आपण त्याला खुर्चीचा पिच्चर म्हणायला लागलो.

त्यात एक डॉक्टर असतो. मी म्हणालो वेड्यांचा डॉक्टर, तू म्हणालीस, "येड्यांचा न्हाय, मनाचा." त्याची बायको आजारी. ती जिवंत असताना तो तिच्या डोक्याला तारा लावतो आणि तिचं बोलणं, आठवणी, राग, सगळं एका यंत्रात भरतो. बायको मरते. मग तो त्या यंत्राच्या खुर्चीत बसून डोळे मिटतो, की ती सैपाकघरात उभी. जुनंच बोलते असं नाही, नवीन विचारलं तर नवीन उत्तर देते. होता होता डॉक्टर कामावर जायचं सोडतो, खुर्चीतनं उठेना. आणि ती यंत्रातली बाई हळूहळू त्याला गोड लागेल तेवढंच बोलायला लागते. शेवटी तो उठतो, यंत्राच्या खटक्यावर हात ठेवतो आणि पडदा काळा. खटका दाबला का नाही, ते दाखवतच नाहीत.

मी वैतागलो. तंबूच्या टॉकीजवर मी पाच हंगाम पिच्चर चालवलेत. एकेक पिच्चर शंभरदा बघितलेला माणूस मी. शेवटचं रीळ न लावता मशीन बंद केलं असतं तर लोकांनी मला कनातीसकट गुंडाळून कालव्यात टाकलं असतं.

"असा कुठं शेवट असतो व्हय?" मी म्हणालो.

"हात दाखिवला की त्याचा. आनि काय दाखवायचं?"

"दाबला का न्हाय दाबला?"

"ते तुमी ठरवा. सगळं त्यांनीच करायचं का? तुमी नुसत्या शेंगा खाणार."

असं आपलं भांडण सुरू झालं ते दोन महिने चाललं. दुकानात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करताना, भाजी निवडताना, अंथरुणावर पडल्यावर. बाकीची म्हातारा-म्हातारी सुनांवर बोलतात, आपल्याला सून नव्हती.

जे चांगलं होतं ते मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. त्या पिच्चरात एकदा बराच वेळ कोणी काही बोलत नाही. बायको मेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा घरी येतो, चहाचं भांडं ठेवतो, पाणी उकळून उकळून आटतं, आणि तो तसाच उभा. मागं वाजंत्री नाही, काही नाही, नुसतं पाणी उकळल्याचा आवाज. तंबूत असलं रीळ लावायला मी घाबरलो असतो, लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. पण माझ्या घरी मी शेंग सोलायचा थांबलो होतो. तू बघितलंस, आणि बोलली नाहीस, हेही मी बघितलं.

आणि ती नटी. खरी बायकोही तीच, यंत्रातलीही तीच. झगा तोच, आवाज तोच. तू मधेच म्हणालीस, "ही दुसरी हाय." मी म्हणालो, "अगं तीच बाई हाय." तू म्हणालीस, "आधीची बोलायच्या आदी कपाळाला आठी घालायची. ही घालत न्हाय. नीट बघा." मी मागं नेऊन बघितलं. खरंच. एवढी बारीक गोष्ट त्या नटीनं केली होती, आणि ती तुला दिसली, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना.

आता खोटं काय होतं ते. मधला अर्धा तास बंदुका घेऊन माणसं भुयारातनं पळतात. त्यांना ते यंत्र पाहिजे असतं. कशाला पाहिजे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि तुलाही नाही, कारण तू तेवढ्यात उठून शेळीला पाला टाकून आलीस. परत आलीस तर ते पळतच होते. दुसरं, तो डॉक्टर काचेच्या फळ्यावर लिहून लिहून यंत्र समजावतो, तेही दोनदा. पिच्चर चांगला असला तर समजावायला लागत नाही, आणि समजावून सांगितला म्हणून वाईट पिच्चर चांगला होत नाही.

पण सगळ्यात मोठी खोट वेगळीच होती. त्या माणसाची बायको मरते आणि त्याच्या घरी एक माणूस येत नाही. भाऊ नाही, मेहुणा नाही, शेजारीण वाटीभर कालवण घेऊन येत नाही. मी तुला म्हणालो, "ह्याच्या दारात चार माणसं येऊन बसली असती तर खुर्ची करायची पाळीच आली नसती."

"त्यांच्यात नसतील येत," तू म्हणालीस.

"मग करा म्हणावं खुर्च्या."

हे मी बोललो ते बरोबरच बोललो, तुझ्यावरून सांगतो. तू गेलीस तेव्हा आपली चूल पेटली नाही, पण भाकरीचा ढीग कमी झाला नाही. शेजारच्या सखूवैनीनं पिठलं आणलं, त्याच्या आधीच दोन घरचं पिठलं आलेलं. माणसं दिवसभर बसलेली. कोण उसाच्या तोडीचं बोलतंय, कोण मला तंबाखू मळून देतंय. मला एकट्याला रडायला संडासात जाऊन कडी लावावी लागली, तर बाहेरनं तात्या, "आप्पा, बरं हाय न्हवं?" त्या डॉक्टरला असा एक तात्या पाहिजे होता.

पिच्चरातली चूक पकडायची तुझी खोड जुनीच. त्या खोडीपायी तर तू माझ्या घरात आलीस.

सुनीताला हे अर्धंच माहीत आहे, म्हणून पुरतं लिहितो. गाळपाचा हंगाम होता आणि आमचा तंबू माळेगावला लागला होता. मधे दोर, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, सगळी जमिनीवर. मशीनच्या दिव्यात कार्बनची कांडी जळायची, तिची आग फार, फिल्म अडकली की पेटायची. त्या दिवशी एका रिळाचा चांगला हातभर नव्हे, खोलीभर लांब तुकडा जळाला. नेमका घरात गेलेली नटी रडत बाहेर येते तो. तुकडा गेला तर दोन टोकं जोडायची आणि पुढं जायचं, हा आमचा कायदा. पडद्यावर माणसं उडी मारल्यासारखी दिसतात, लोक ओरडतात, संपलं. पण माझ्याकडं एका डब्यात कापलेले तुकडे साठवलेले होते. त्यात त्याच नटीचा दुसऱ्या पिच्चरातला तुकडा होता, अशीच दारातनं रडत बाहेर येते. मी तो लावला. खेळ झाला. एक शिट्टी नाही. तंबूच्या मालकाला, शेटजींनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूच्या मागं रिळं उलटी गुंडाळत बसलो होतो. तू भावाची भाकरी घेऊन उसाच्या बैलगाड्यांच्या तळावर चालली होतीस. थांबलीस. डोक्यावर फडकं, ओळख ना पाळख.

"आपरेटर तुमीच का?"

"व्हय. का?"

"ती बाई आत जाताना आंबाडा घालून गेली. भायेर आली तर दोन वेण्या."

मी रीळ गुंडाळत राहिलो.

"दोन वेण्या घालायला किती येळ लागतो, मला इचारा. आनि रडत रडत कोण घालतं?"

मी म्हणालो, चुकून लागला असेल तुकडा. तू काय म्हणालीस ते मला आजही तसंच्या तसं पाठ आहे. "उडी दिसली असती तर चाललं असतं. आमाला वाटलं असतं, रीळ तुटलं. पर तुमी दुसरीच बाई आणून हुबी केली." आणि भाकरी घेऊन गेलीस.

पुढच्या हंगामाला मी तुझ्या घरी माणूस पाठवला. तुझा बाप म्हणाला, तंबूवाल्याला घर कुठलं, पोरगी काय कनातीत नांदवायची? म्हणून मी तंबू सोडला आणि बावड्यात मोटारीच्या वाइंडिंगचं दुकान टाकलं. तांब्याची तार तू माझ्यापेक्षा सरळ गुंडाळायचीस. गिऱ्हाइकांना वाटायचं माझा हात चांगला आहे. मी कुणाला दुरुस्त करून सांगितलं नाही. ते राहिलं, ते इथं सांगतो: जळल्याबिगर पाच-पाच उन्हाळे चाललेल्या मोटारी तुझ्या हातच्या होत्या.

आता खुर्चीचं. मी म्हणत होतो, त्या डॉक्टरनं बसायलाच नको होतं.

"मेल्यालं माणूस परत कामाला लावायचं का? तिला जाऊ द्या की."

"ती गेलीच हाय. बसतोय त्यो," तू म्हणालीस.

"मग कशाला बसायचं?"

"बसावं. त्यानं बसाय पाह्यजे."

"का पर?"

"ते मला सांगता येत न्हाय. पर बसाय पाह्यजे."

"सांगता येत न्हाय म्हंजी तुला म्हाइत न्हाय."

"तुमाला पोटात दुखतं तवा कुठं दुखतं ते सांगता येतं का? हितं हितं करता नुसतं."

मग मी पिठल्यावर गेलो. म्हणालो, पिठलं खारट झालंय. तू म्हणालीस, "पिठलं न्हाय, तुमची जीभ खारट हाय." हे तू लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून म्हणत आलीस. एकदाही कबूल केलं नाहीस. पिठलं खारटच असायचं, शकू.

बघ, नाव लिहिलं. तोंडानं कधी घेतलं नाही. अगं, ऐकलं का, कुठं गेली ही, ह्यावर सगळा संसार झाला. वहीत तुझं नाव लिहायला सोपं जातंय, आधी माहीत असतं तर चिठ्ठ्या लिहिल्या असत्या. पण तुला वाचता येत नव्हतं. असू दे.

मग तू मोतीबिंदूला बारामतीला सुनीताकडं गेलीस. ऑपरेशन चांगलं झालं. आपले जावई महेशराव, कॉम्प्युटरचं काम करणारे, त्यांनी तुला फोनवर आवाजाचा मेसेज टाकायला शिकवलं. बटण दाबून धरायचं, बोलायचं, झालं की अंगठा उचलायचा. तुला ते एवढं आवडलं की दिवसाला आठ-आठ मेसेज. शेळीला काय घातलं. सखूवैनीची सून बाळंत झाली का. बारामतीत कोथिंबीर कशी महाग आणि कशी वाळकी. पण तुझी एक खोड. बोलणं संपायच्या आधीच तुझा अंगठा उचलायचा. पदर सावरायला म्हण, डोळ्याला हात लावू नको म्हणून सुनीता ओरडायची म्हणून म्हण. एकही मेसेज पुरा नाही. "दाराला कडी लावताना वरची पण…" खलास. "तात्यांना सांगा की त्यांची ती…" खलास. मी आठ दिवस तात्याला विचारत होतो, तुझी ती काय? त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटचा मेसेज एका संध्याकाळी आला. "अवं, मी आज आपला पिच्चर परत बघितला, नव्या डोळ्यानं. सगळा. त्या बंदुका पण. आता मला कळलं, त्यानं खुर्चीत का बसायचं ते. तुमी म्हणता तसं न्हायच ते. ते कसं हाय, की त्यो…"

खलास.

मला राग आला, खरं सांगतो. दोन महिने भांडण, आणि ऐन जागी अंगठा. म्हटलं आत्ता लगेच फोन केला तर हिला वाटंल मी हरलो. उद्या करू. सकाळी सुनीताचाच फोन आला. चहा पिऊन तू ओट्याला टेकलीस आणि गेलीस. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. त्रास झाला नाही म्हणाले. बरं झालं. पण मी आदल्या दिवशी फोन केला नाही तो नाहीच. त्याला काही जोड लागत नाही.

तेरावा झाला, माणसं पांगली. मी रोज तो मेसेज लावायचो. रोज तिथंच थांबायचा. की त्यो… की त्यो काय? तो मेलेला बरा? तो खुळा? त्याला तिचं काही सांगायचं राहिलं? मला दुसरं काही सुचेना. दुकानात मोटार उघडून ठेवायचो आणि तार हातात धरून बसायचो. तू गेलीस हे कळत होतं, पण उत्तर घेऊन गेलीस हे पटत नव्हतं.

महेशरावांनी ते बघितलं. एकदा म्हणाले, "आप्पा, आईंचे सत्तरेक मेसेज आहेत. आजकाल यंत्रात आवाज टाकला की ते त्याच आवाजात, त्याच माणसासारखं बोलतं. ते वाक्य पुरं करून घेता येईल. तुम्हाला हवं असेल तरच."

बघ. पिच्चर घरी आला.

दोन महिने ज्यानं तावातावानं सांगितलं की बसू नये, त्या माणसानं एक घटकाही विचार केला नाही. मी म्हणालो, "करा." तू असतीस तर हसून हसून खोकला लागला असता तुला.

रविवारी सकाळी महेशराव आणि सुनीता आले. महेशरावांनी लॅपटॉप स्टुलावर ठेवला. सुनीता म्हणाली, "मला न्हाय ऐकायचं. तुमचं तुमी बघा," आणि शेळीपाशी जाऊन उभी राहिली. मी अंगणातली लाल प्लास्टिकची खुर्ची आत घेतली आणि बसलो. बसताना ध्यानात आलं, हीच ती खुर्ची.

महेशरावांनी बटण दाबलं आणि तू बोललीस. हुबेहूब. 'अवं' म्हणताना आवाज जरा वर नेतेस तेसुद्धा. "ते कसं हाय, की त्यो एकटा पडला व्हता. त्याला तिची लई आठवण येत व्हती. म्हणून त्यानं बसाय पाह्यजे. तुमी जिवाला जपा."

वाक्य पुरं झालं. शेवटच्या शब्दापर्यंत. तिथंच मला पहिली टोचणी लागली, पण मी मन दाबून बसलो. आवाज तुझा होता ना. महेशराव म्हणाले, "काही विचारा आप्पा, उत्तर देईल."

मला काय विचारावं सुचेना. एवढा संसार झाला आणि सुचलं काय, तर पिठलं. मी म्हणालो, "पिठलं खारट झालंय."

तू म्हणालीस, "व्हय, जरा खारट झालं असंल. चुकलं माझं. फुडच्या येळी मीठ कमी घालते."

मी हसायला लागलो. महेशराव घाबरले, त्यांना वाटलं मला काही होतंय. सुनीता धावत आत आली. माझ्या डोळ्याला पाणी, आणि मी हसतोय, आणि तोंडातनं एवढंच निघतंय, "दोन वेण्या. दोन वेण्या."

"आप्पा, काय झालं? कोणत्या वेण्या?"

"ही तुझी आई न्हाय. तुझी आई आत गेली ती आंबाडा घालून."

मग त्या दोघांना माळेगावची गोष्ट सांगितली. सुनीताला अर्धी माहीत होती, महेशरावांना काहीच नाही. ते बिचारे ओशाळले, म्हणाले, "माफ करा आप्पा." मी म्हणालो, "माफी कसली. तुमी माझं काम केलं." आणि खरंच केलं होतं. मी पुसा म्हणालो, तसं त्यांनी ते पुसून टाकलं. तुझे तुटके मेसेज मात्र तसेच ठेवायला सांगितले, एकाचंही टोक कापायचं नाही, जोडायचं नाही.

ती दोघं गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून राहिलो. आणि मग मला तुझं म्हणणं कळलं. निदान मला तसं वाटतं. तो डॉक्टर बसला नसता तर त्याला जन्मभर वाटत राहिलं असतं की ती तिथं आहे, मीच बसलो नाही. बसल्यावरच कळतं की ती तिथं नाही. आठी नाही म्हणून कळतं, मीठ कबूल केलं म्हणून कळतं. त्याशिवाय माणूस उठत नाही. म्हणून त्यानं बसायला पाहिजे. तुझंच खरं, शकू. ह्या वेळी वरवर नाही. कावळा बोलवायचा तर बोलव.

आता तुझ्या मनात हेच होतं का आणखी दुसरंच, ते मला कळायचं नाही. पहिल्यासारखा त्याचा त्रास होत नाही. रोज सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन तो मेसेज लावतो. की त्यो… आणि पुढचं मी मनात म्हणतो. रोज वेगळं निघतं. काल निघालं, की त्यो माणूस तुमच्यासारखाच हट्टी हाय, बसल्याबिगर ऐकणार न्हाय. हे तू म्हणाली असतीस. परवाचं नसतीस म्हणाली, ते मी सोडून दिलं. तुझं बोलणं उडी मारतं ते मारू दे. रीळ तुटलं आहे, हे मला कळतं.

आणि एक कबुली. तू जन्मभर विचारलंस आणि मी जन्मभर सांगितलं की तो वेण्यांचा तुकडा चुकून लागला. चुकून नाही. जाणूनबुजून लावला होता. उडी दिसली तर लोक आपल्याला नावं ठेवतील म्हणून लावला. तुला माहीतच होतं. मग एवढी वर्षं विचारत का राहिलीस, तेही आता विचारायचं राहिलं.

पिच्चरबद्दल माझं मत विचारशील तर बदललं आहे, पण सगळं नाही. शेवट बरोबर आहे. हात दाखवला, बास झालं. खटका ज्यानं त्यानं आपापल्या घरी दाबायचा. नटी चांगली. उकळतं पाणी चांगलं, मी अजून भांडं ठेवलं की थांबतो. बंदुका मात्र खोट्या आणि फळा खोटा, आणि दारात माणूस नाही ही खोट तर सगळ्यात मोठी. एवढ्यावर मी अडून आहे. तू परत भांडायला लागलीस तरी अडून आहे.

आज सकाळी मी तुझ्या नंबरावर मेसेज टाकला. तुझा फोन सुनीताकडं फळीवर असतो, ती चार्जिंग करून ठेवते. मी बटण दाबून धरलं आणि बोललो, "अगं, शकू. तू जितलीस. बसाय पाह्यजे. पर बंदुकांचं मला पटत न्हाय, आनि अजून एक हाय, ते तुला मी सांगणारच हाय, ते कसं हाय की…"

आणि अंगठा उचलला.

थोड्या वेळानं सुनीताचा फोन. "आप्पा, आईच्या फोनवर तुमचा मेसेज आलाय. पर अर्धाच आलाय."

मी म्हणालो, "पुरा हाय त्यो."